हरवायला एक

९ फेब्रुवारी

प्रिय छोटी,

तू नाकात घातलेलं ते बटण आठवतं का? दुकानाच्या मागच्या खोलीत आपण दोघी फरशीवर बसलो होतो. बाबांनी शिंपल्याच्या बटणांचा डबा आपल्यापुढे ओतला होता आणि दोन भोकांची इकडे, चार भोकांची तिकडे अशी निवडायला सांगितली होती. तू पाच वर्षांची, मी नऊ. बडबडता बडबडता तू एकदम गप्प झालीस. तू गप्प झालीस म्हणजे काहीतरी घडलंय, हे मला तेव्हाही कळायचं. बाबांनी शिंप्याच्या खडूची पूड तुझ्या नाकाशी धरली, तू शिंकलीस आणि बटण टुणकन उडून काउंटरखाली गेलं. बाबांनी ते शोधून काढलं, धुतलं, पुसलं आणि डब्यात टाकलं. "चार भोकांचं आहे," म्हणाले, "तिकडच्या ढिगात." कुणाच्या तरी शर्टावर ते आजही ऐटीत बसलेलं असेल.

पत्रात आधी समोरच्याची तब्येत, मग आपली खुशाली, आणि काही मागायचं असलंच तर अगदी शेवटी, असं कॉन्व्हेंटात निबंधाच्या सिस्टरनी आपल्याकडून घोटून घेतलं होतं. तर तुझी तब्येत कशी आहे? सरांचे गुडघे काय म्हणतात? (तुझ्या नवऱ्याला मी अजून सरच म्हणते. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार?) माझी खुशाली अशी की बासष्टाव्या वर्षी मी इंटरनेटवर दुकान मांडलंय.

हसू नकोस. दुकानात आता दिवसाकाठी चार माणसं येतात, त्यातली दोन पत्ता विचारायला. तयार कपडे घेणारे लोक बटण तुटलं की कपडाच टाकून देतात. चिरंजीव म्हणाले, "आई, कशाला दमतेस, बंद करून टाक." सूनबाई म्हणाली, "एक वर्ष द्या मला." मी तिचं ऐकलं. या घरात बायकांचं थोडं उशिरा का होईना, ऐकलं जातं.

नाव ठेवलंय 'हरवायला एक'. तुला सांगायला नको. गिऱ्हाईकाने सहा मागितली तर बाबा सात द्यायचे, आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, "सहा लावायला, एक हरवायला." सूनबाईला नाव अपशकुनी वाटलं. मी म्हटलं, असू दे.

दर मंगळवारी एक बटण, असा नेम केलाय. सकाळी अकराला खिडकीतून उजेड येतो, तेव्हा शाळेच्या जुन्या पाटीवर बटण ठेवून फोटो काढायचा आणि खाली त्याची हकिकत लिहायची. पहिल्या मंगळवारी मी मथळा दिला, 'एका शिंपल्याच्या बटणाचे आत्मवृत्त'. सूनबाईने कपाळाला हात लावला. "आई, सकाळी उठून बटणाचं आत्मवृत्त कुणी शोधत नाही हो. लोक शोधतात 'पांढरं चमकणारं बटण, चार भोकं, कुठे मिळेल'. तेच लिहा." म्हणजे निबंधात पैकीच्या पैकी मिळवणारी मी आता असे मथळे देते. सिस्टर वरून बघत असतील तर जपमाळ खाली ठेवली असेल.

इंटरनेटवरच्या दुकानात किती जण येऊन गेले, त्याचा आकडा दिसतो. पहिल्या आठवड्यात सात. त्यातली पाच वेळा मीच. सहावी सूनबाई. सातवं कोण, ते कळत नाही. सूनबाईने पत्ता सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता; सातवी तू होतीस का?

तुझी,
ताई

२ जून

प्रिय छोटी,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी का असेनात, अक्षर अजून तसंच आहे, 'क'चं पोट फुगलेलं. सातवीबद्दल काही लिहिलं नाहीस. बरं, नसेल सांगायचं.

आता मंगळवारी चाळीसेक माणसं येतात. तुला वाटेल, चाळीस म्हणजे काय! पण ती दुकानात एकदम शिरली असती तर आपल्याला काउंटरवर चढून बसावं लागलं असतं. सूनबाईने मला आकडा रोज बघायला बंदी केली आहे. "दुधाकडे बघत बसलं की ते उतू जात नाही," म्हणते. "तुम्ही फक्त मंगळवार चुकवू नका आणि आलेल्या प्रत्येक माणसाला उत्तर द्या." ही पोर माझ्याच तोंडचं वाक्य मला ऐकवते, पण खरं बोलते.

उत्तरं मी सावकाश देते. एका बाईला आजोबांच्या रेनकोटाचं बटण हवं होतं. अकरा डबे उपसले, बाराव्यात सापडलं. एक जण नाटकाचे कपडे शिवणारी आहे. तिला शंभर वर्षांपूर्वीची वाटतील अशी बटणं लागतात, आणि आपल्या पोटमाळ्यावर खरोखरच तितकी जुनी निघाली. आणि एक आहेत मास्तर. निवृत्त शिंपी, हात थरथरतात म्हणून काम सोडलंय, पण जीभ थरथरत नाही. दर मंगळवारी बाराच्या आत त्यांचा शेरा हजर. परवा मी लिहिलं की बटण भोकांपेक्षा दोऱ्यावर टिकतं. मास्तरांनी लिहिलं, "बाई, बटण काजावर टिकतं. काज सैल असेल तर दोरा काय जीव देणार? शाळेत शिवण होतं की नुसत्या प्रार्थना?" मी लिहिलं, "दोन्ही होतं. तुमच्यासाठी पुढच्या मंगळवारी प्रार्थना करीन." तेव्हापासून आमची गट्टी आहे. लोक म्हणे आमचं भांडण वाचायलाच येतात.

मी खुशीत आहे, छोटी. सकाळी दुकान उघडते, डब्यांवरची धूळ पुसते. प्रत्येक डब्याच्या झाकणावर बाबांनी नमुन्याचं एकेक बटण शिवून ठेवलंय, त्यावरून बोट फिरवते. मला वाटतं मी सगळं आयुष्य ज्या ठिकाणी उभी होते, तिथेच आता कुणीतरी बघायला आलंय.

छत्तीस वर्षांत तू या घरी तीनदा आलीस. आईच्या वेळी, बाबांच्या वेळी, आणि एकदा उगाच. ते उगाच येणं मला सगळ्यात आवडलं होतं.

तुझी,
ताई

१७ नोव्हेंबर

प्रिय छोटी,

घाईत लिहिते, कारण हात थांबत नाही.

गेले दोन महिने आकडा दोनशेवर अडकला होता. मी चोरून बघत होते, कबूल करते. चिरंजीव जेवताना सहज म्हणाले, "वर्ष संपत आलं, आई." सूनबाई म्हणाली, थांबा, झाडाला वर ओढून ते वाढत नाही. पण मला दम निघेना. वाटलं, असं काहीतरी लिहावं की माणसं धावत यावीत.

म्हणून मागच्या मंगळवारी मी आईच्या हिरव्या कोटाचं लिहिलं. तुझ्या त्या सकाळचं. नाव कुणाचंच नाही, गावाचंही नाही. 'ज्या कोटाने लग्न मोडलं' असा मथळा दिला. चार दिवसांत किती हजार माणसं आली, ते मला वाचताही येईना. सूनबाईने शून्यं मोजून सांगितली. कुणीतरी लिहिलं, "अशी ताई प्रत्येकीला मिळो." मी ते तीनदा वाचलं.

तू वाचलंस तर कळव कसं वाटलं.

तुझी,
ताई

२४ नोव्हेंबर

छोटी,

तुझा फोन आला तेव्हा मी शिडीवर होते. खाली उतरेपर्यंत तुझं बोलूनही झालं. "बटण कसं तुटलं, ते लिहायचं राहिलं, ताई." एवढंच, आणि फोन बंद.

तुझं नाव कुठे घातलंय मी? कुणाला कळणार आहे? आणि मी तुझं वाईट काय लिहिलं? उलट, वाचणाऱ्या प्रत्येकाने तुला शूर म्हटलं. एवढ्या वर्षांनी कुणी आपल्या बहिणीचं कौतुक केलं तर त्यात चुकलं काय?

मी परत फोन केला, चारदा. सर म्हणाले, "बाहेर गेली आहे." सरांना खोटं बोलता येत नाही. नकाशे शिकवून शिकवून माणूस सरळ झालेला.

ताई

१ डिसेंबर

प्रिय छोटी,

मागचं पत्र फाडून टाक. टाकलं असशीलच.

आज मंगळवार, पण पाटीवर काही ठेवलं नाही. दुकानाचं दार अर्धं लावून बसले आहे आणि जे लिहायचं राहिलं, ते लिहिते.

मी तिथे असं लिहिलं होतं की लग्नाला न्यायला दारात गाडी उभी होती, धाकटी आईचा कोट घालून मागच्या खोलीत जाऊन बसली, आणि थोरलीने तिच्याजवळ गुडघे टेकून कोटाची बटणं एकेक करून लावली आणि म्हणाली, "तू म्हणशील तसं." मग लिहिलं की त्या गडबडीत एक बटण कुठेतरी हरवलं.

कोटाची बटणं तू स्वतः लावली होतीस, गळ्यापर्यंत. तू बाबांच्या स्टुलावर बसली होतीस, पाय जमिनीला न टेकवता. आई पलंगावर मांडलेल्या नव्या कपड्यांशेजारी रडत होती. बाबा काउंटरला धरून उभे होते. आत आले ती मी. आणि मी म्हणाले, "सगळ्यांच्या तोंडाला काळं फासणार आहेस का? ऊठ." तू उठली नाहीस. मी कोटाला समोरून धरलं आणि ओढलं. दोरा तुटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. तू ओरडली नाहीस, रडली नाहीस. एकदम गप्प झालीस, आणि माझ्या मुठीकडे बघत राहिलीस. मग बाबा आले, म्हणाले, "राहू दे तिला," आणि बाहेर जाऊन त्यांनी गाडी परत पाठवली. संध्याकाळी तू त्याच कोटात निघून गेलीस, पाच बटणांनी.

मला तुझा राग का आला होता, ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या आधी चार वर्षं मी निमूट लग्न करून गेले होते. माझं वाईट झालं नाही, ते गृहस्थ भले होते, देव त्यांना सुखात ठेवो. पण मला कुणी विचारलं नव्हतं. आणि मला नाही म्हणता येतं, हे मला तुझ्याकडे बघून कळलं, चार वर्षं उशिरा. त्याचा राग कोटावर निघाला.

बटण माझ्याकडे आहे. त्या दिवशी मूठ उघडली तेव्हा तळहातावर चार भोकांचे ठसे उठले होते. बाबा महिनाभर केरात शोधत होते, काउंटरखाली काठी घालून. शिंगाचं बटण, त्याच्या रेषा न ढवळलेल्या चहासारख्या, दुसऱ्या कुठल्याच बटणाशी न जुळणाऱ्या. जोडी मिळायची नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं, तरी ते शिंगाच्या डब्यात जोडी शोधायचे. "पोर कधी आली तर," म्हणायचे. मी लग्नानंतरही दुकानात यायचे, समोर उभी असायचे. बोलले नाही. त्यांच्यानंतरही बोलले नाही. आणि शेवटी बोलले ते हजारो अनोळखी माणसांशी, आणि तेही खोटं.

ती हकिकत मी आज काढून टाकली. सूनबाई समोर बसली होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, ही सगळी माणसं जातील." मी म्हटलं, "जाऊ दे." तिने स्वतःच्या हाताने काढली आणि त्या जागी मी सांगितलेली एक ओळ घातली: 'ती गोष्ट माझी एकटीची नव्हती आणि मी ती खरी सांगितली नव्हती.'

सिस्टर म्हणायच्या की माफी मागताना 'पण' हा शब्द वापरायचा नाही. वर एक-दोनदा आला असेल. या वाक्यात नाही: मी तुला ओढलं, मी बटण लपवलं, मी स्वतःला चांगलं करून लिहिलं, माझं चुकलं.

उत्तराची वाट बघेन, घाई करणार नाही.

तुझी,
ताई

१६ फेब्रुवारी

प्रिय छोटी,

हे पत्र उत्तरासाठी नाही. नुसती खुशाली.

कोटासाठी आलेली हजारो माणसं आली तशी गेली. चार जण शिव्या देऊन गेले, एकीने लिहिलं की मी तिचा माणुसकीवरचा विश्वास उडवला. पहिले काही मंगळवार मला पाटीवर बटण ठेवायचा धीर होईना. मग मास्तरांचा निरोप आला: "बाई, मंगळवार आहे. बटण कुठे आहे?" मी पँटचं एक साधं काळं बटण ठेवलं आणि दोन ओळी लिहिल्या. त्याखाली ते म्हणाले, "उसवलेलं दिसतं म्हणून शिंपी कपडा टाकत नाही. पुढे चला." तेवढंच. कोटाबद्दल त्यांनी मला कधी काही विचारलं नाही.

मग लक्षात आलं की एकशे त्रेसष्ट माणसं कुठे गेलीच नव्हती. रेनकोटवाली, नाटकवाली, मास्तर, आणि अशी कितीतरी, जी मंगळवार-मंगळवार करत एकेक करून आली होती. ती कोटासाठी आली नव्हती, बटणांसाठी आली होती. आता ती एकशे ऐंशी झाली आहेत. सूनबाई म्हणते, "बघा, हे दूध."

वर्ष संपलं तेव्हा चिरंजीवांनी विषय काढला नाही. उलट शिडीची मोडकी पायरी बदलून दिली. मी समजले.

खिडकीतला अकराचा उजेड आता पाटीच्या डाव्या कोपऱ्यात पडतो. महिन्याभरात मध्यावर येईल. मी तिथे खुर्ची टाकून कॉफी पिते. मन शांत आहे. तुझ्याकडून काही आलं नाही, तरीही शांत आहे, हे लिहिताना मला जरा अपराधी वाटतं. निदान आता ते बटण माझ्या एकटीच्या मुठीत नाही.

सरांच्या गुडघ्यांना शेक दे.

तुझी,
ताई

२३ मार्च

प्रिय छोटी,

काल सकाळी सूनबाई फोन घेऊन धावत दुकानात आली, एका पायात चप्पल, एक पाय तसाच. "आई, मागणी आली आहे. तुम्हीच वाचा."

मागणीचा कागद सगळ्यांना एकच असतो. काय हवं, या रकान्यात तू लिहिलं होतंस: 'हिरव्या कोटाचं बटण. शिंगाचं, चार भोकं. सहापैकी एक नाही.' सोबत फोटो. कोट खुंटीवर, पाच बटणं, आणि तिसऱ्या जागी तुटलेल्या दोऱ्याचे दोन धागे अजून तसेच. छत्तीस वर्षं तू ते दोरेसुद्धा काढले नाहीस.

आणि खाली तो रकाना, सूनबाईने हट्टाने ठेवलेला: 'आमच्याबद्दल तुम्हाला कुठून कळलं?' त्यात तू लिहिलंस: 'सातवी मीच होते.'

मी ते सूनबाईला मोठ्याने वाचून दाखवायला गेले आणि मला जमलं नाही. तिनेच वाचलं. मग आम्ही दोघींनी मिळून तिची दुसरी चप्पल शोधली.

म्हणजे पहिल्या मंगळवारपासून तू होतीस. आत्मवृत्त वाचलंस, मास्तरांचे टोमणे वाचलेस. मी चाळीस माणसं, दोनशे माणसं करत बसले, आणि जिच्यासाठी लिहिलं ती पहिल्याच आठवड्यात येऊन बसली होती.

पार्सल आज टपालात टाकते आहे. आत काय कुणाचं, ते नीट वाच, कारण तुझ्या घरात सगळं सरांच्या टेबलावर एकत्र होतं असं तूच कधीतरी म्हणाली होतीस.

निळ्या कागदातली लाकडी बटणं सरांची, त्यांच्या घरच्या स्वेटरसाठी. सहा लावायला, एक हरवायला. ती जाड आहेत, म्हणून काजं आधी मोजून घे. मास्तरांनी बजावून सांगितलंय.

छोटा पत्र्याचा डबा तुझ्या लेकीचा. शिंपल्याची बटणं आहेत, दोन भोकांची आणि चार भोकांची मिसळलेली. तिला म्हणावं, निवडत बस. तिशी उलटलेल्या मुलीला नाकात घालू नकोस असं सांगायची गरज नाही, तरी तिच्या आईची हकिकत तिला सांग. ती गोष्ट तुझी आहे, तूच सांगायची.

बाबांच्या शिंगाच्या डब्याचं झाकण, नमुन्याच्या बटणासकट, तुमच्या घराला. कुठेही लाव. डबा मात्र मी ठेवला आहे, इथे अजून लागतो.

खडूचा तुकडा कुणाचाच नाही. तो मी उगाच घातला आहे.

आणि पांढऱ्या रुमालात गाठ मारलेलं आहे ते तुझं. गाठ तूच सोड, सरांना सोडू देऊ नकोस. शिवायचं की नाही, कधी शिवायचं, ते सगळं तुझ्याकडे. बाबांचा नियम मी आज पहिल्यांदाच मोडते आहे, त्याला इलाज नाही: याच्यासोबत हरवायला एक नाही.

तुझी,
ताई